आरएसएस, आजोबा आणि ओळ नंबर 23

"मी आरएसएस वापरायला लागलोय," असं मी रात्री जेवताना जाहीर केलं आणि आईच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यावर तसाच राहिला. बाबा म्हणाले, "तू? पहाटे उठून? तुला रविवारी साडेनऊला चादर ओढून उठवावं लागतं!" आजोबांनी तर पेपरच खाली ठेवला. लालबागच्या चाळीत कुठलीही बातमी एका खोलीत राहत नाही. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या काकूंनी विचारलंच, "गणवेश शिवलास का रे?"

तर मंडळी, हे ते आरएसएस नव्हे. हे रिअली सिंपल सिंडिकेशन. 1999 साली नेटस्केपने आणलं तेव्हा त्याचं नाव होतं आरडीएफ साइट समरी. मग नावं बदलली, भांडणं झाली, आणि 2002 मध्ये 2.0 आवृत्ती आली, ती अजून चालते. एखाद्या साइटवर नवीन काय आलं याची एक साधी एक्सएमएल फाइल असते. तिला फीड म्हणतात. आपल्याकडचा रीडर ती फाइल ठराविक वेळाने जाऊन बघतो आणि नवीन असेल तेवढं आणून देतो. बस्स! गुगलने आपला रीडर 1 जुलै 2013 ला बंद केला तेव्हा मी तिसरीत होतो, त्यामुळे आमच्या बॅचला हा प्रकार म्हणजे फ्लॉपीचा चुलतभाऊ वाटतो. पण तुम्ही ट्रेनमध्ये जे पॉडकास्ट ऐकता ना, ते बहुतेक याच आरएसएसवर चालतात.

मी याच्या नादी का लागलो? फायनल इयरचा प्रोजेक्ट. आम्ही चौघं. एक गिरगावकर, एक डोंबिवलीकर, एक टॉपर (याला गाव नसतं) आणि मी. विषय होता चाळीच्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते मोबाईलवर दाखवणं. टाकी अर्थात आमच्याच चाळीची. कामं वाटून घेतली व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तिथेच ती बुडाली. "सेन्सर कोण आणणार?" या प्रश्नावर अकरा स्टिकर, दोन मीम आणि कुणाच्या तरी मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ. उत्तर नाही. सेन्सर शेवटी दोघांनी आणले. ज्याने आणायचा होता त्याने आणलाच नाही.

मग एका रात्री मी एक उद्योग केला. सगळी कामं एका गुगल शीटमध्ये लिहिली : काम, कुणाचं, तारीख. पायथनचा साठेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो दर तासाला शीट वाचायचा आणि तिची आरएसएस फाइल बनवायचा. एक ओळ म्हणजे फीडमधला एक आयटम. चौघांच्या फोनवर रीडर बसवले. करी रोडला गाडीत चढलो की उघडायचा, दादर येईपर्यंत वाचून खलास. ना स्टिकर, ना गुड मॉर्निंग. दोन महिने प्रोजेक्ट असा पळाला की डोंबिवलीकर मला 'मॅनेजर साहेब' म्हणू लागला. (एक कबुली देतो. रीडरमध्ये न वाचलेलं ठळक दिसतं आणि वाचलं की फिकं होतं. मी सकाळी बारा आयटम फिके करायचो आणि बारा कामं केल्याच्या थाटात कॉलेजात शिरायचो. केलेलं असायचं एखादं.)

आजोबांना हे सगळं समजावून सांगायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. "म्हणजे तो तुझा रीडर आपणहून जातो, आणि विचारतो काही नवीन आहे का?"

"हो. आणि नसेल तर सर्व्हर सांगतो, 304. म्हणजे काही बदल नाही, परत जा."

आजोबा हसले. "अरे, मग तो बदलीवाला आहे की!"

आजोबा तरुणपणी गिरणीत बदली कामगार होते. कायमचा माणूस गैरहजर राहिला तरच बदलीवाल्याला काम. त्यामुळे रोज पाळीच्या आधी डबा घेऊन गेटवर जाऊन उभं राहायचं. साचाखात्यात कुणी आलं नसेल तर आत, नाहीतर डब्यासकट घरी. "घरी गेलो की तुझी आजी डबा बघूनच ओळखायची," ते म्हणाले. नंतर ते कायम झाले. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरणगावातले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आजोबांसाठी ते गेट पुन्हा उघडलंच नाही. त्यावर ते फारसं बोलत नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझ्या बदलीवाल्याला बरं आहे, त्याला भूक नाही."

आता खरी गोष्ट. रिव्ह्यू शुक्रवारी होता. सरांनी तो अलीकडे आणून मंगळवारी केला. मी त्याच मिनिटाला शीट उघडली, ओळ नंबर 23 मध्ये शुक्रवार खोडून मंगळवार केलं आणि निश्चिंत झालो. मंगळवारी गिरगावकर आला तो मोकळ्या हातांनी. बोर्ड त्याच्याकडे होता, अर्धा जोडलेला, घरी. सर भडकले. तो म्हणाला, "सर, मला शुक्रवार माहीत होता." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सर, फीडमध्ये टाकलं होतं."

टाकलं होतंच की! डोंबिवलीकर तर निरोप आला तेव्हा माझ्या शेजारीच बसला होता. टॉपरनेही मान हलवली, त्यालाही मंगळवार दिसला होता. गिरगावकर काही बोलला नाही. त्याचे रिव्ह्यूचे मार्क कापले गेले. नेहमी आम्ही दादरच्या पुलावर दहा मिनिटं टवाळक्या करून आपापल्या लाइनला जातो. त्या दिवशी तो सरळ वेस्टर्नकडे उतरून गेला.

घरी आल्यावर आजोबांना मी तावातावाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "त्याला सांगितलंस का?"

"टाकलं होतं ना!"

"टाकलं होतंस ते कळलं. सांगितलंस का?"

चिडून मी लॅपटॉप उघडला, निदान माझं बरोबर आहे हे तरी सिद्ध करू म्हणून. आणि बघतो तर काय! आरएसएसमध्ये प्रत्येक आयटमला एक जीयूआयडी देता येतो, त्याची कायमची ओळख. हा आयटम नवा की जुना, हे रीडर बहुतेक त्यावरूनच ठरवतो. मी आळशीपणाने शीटमधल्या ओळीचा नंबरच जीयूआयडी म्हणून दिला होता. तारीख बदलली, तरी ओळ 23 ती 23च. गिरगावकरने ती आठवड्यापूर्वीच वाचली होती. त्याच्या रीडरने म्हटलं, ही तर ओळखीची, आणि फिकीच ठेवली. टॉपरने मात्र तोवर ती उघडलीच नव्हती, म्हणून त्याला ताजा मंगळवार दिसला. म्हणजे ज्याने वेळेवर वाचलं तो बुडाला, आणि ज्याने कंटाळा केला तो तरला! रात्री एक वाजता हे माझ्या लक्षात आलं आणि झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी आधी सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. मार्क मात्र भरून झालेत." तिथून चर्नी रोड. गिरगावकराच्या चाळीचे तीन जिने चढताना मी मनात चार प्रकारची माफीची भाषणं तयार केली होती. त्याने दार उघडलं, आणि मला त्यातलं एकही आठवेना. मी लॅपटॉप उघडून त्याला ती ओळ दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे माझी चूक नव्हती."

"नव्हती."

"हे तिथे बोलायचंस ना. सरांसमोर."

"तेव्हा मला माहीत नव्हतं रे."

"हे माहीत नव्हतं. पण मी खोटं बोलत नाही, हे तर माहीत होतं?"

याला उत्तर नव्हतं. त्याच्या आईने चहा आणला म्हणून वाचलो. चहा झाल्यावर तो म्हणाला, "सरक," आणि प्रोग्राम स्वतःकडे ओढला. आता जीयूआयडीमध्ये ओळीच्या नंबराला तारीखही जोडली आहे, म्हणजे तारीख बदलली की आयटम नव्याने ठळक होऊन येतो. शीटमध्ये त्याने 'कळलं' असा एक रकानाही वाढवला. ज्याचं काम त्याने त्यात स्वतः सही करायची. ती सही संध्याकाळपर्यंत आली नाही, तर मी फोन करायचा. फोन म्हणजे फोन, मेसेज नाही. ही अट त्याची.

परवा सकाळी करी रोडला गाडीत चढलो, रीडर उघडला. एकच ठळक आयटम होता, त्याने टाकलेला. काम : विनय हेल्थ होममध्ये मिसळ, चौघांना. जबाबदारी : मॅनेजर साहेब. तारीख : शनिवार, बदलणार नाही.

दादर यायच्या आत मी 'कळलं'मध्ये सही केली.