अश्वहृदय आणि अक्षहृदय

घोड्याच्या पाठीवर आम्ही जन्मांत कधीं बसलों नाहीं. घोडा मात्र आमच्या मानगुटीवर पुरीं अकरा वर्षें बसला होता. १९९३ सालच्या पावसाळ्यांत तो बसला आणि २००४ सालच्या दिवाळींत उतरला. शाळामास्तरानें शर्यतीच्या घोड्यांवर पैसे लावावे ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हे, हें आम्हांस कळतें. परंतु आतां वय ६६ झालें, पेन्शन मिळूं लागून आठ वर्षें झालीं, आणि जें सांगण्याची त्या वेळीं लाज वाटत होती तें न सांगण्याची आतां अधिक लाज वाटते. म्हणून हा प्रपंच.

आमचें राळेगांव हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. भोंवतालीं सारें कापसाचें रान. येथें घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातींत; शर्यत म्हणजे बैलांचा शंकरपट. लहानपणीं मामाच्या खांद्यावर बसून आम्हीं पुष्कळ पट पाहिले. जोडी सुटली कीं धूळ उडे, आरोळी उठे, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच जोडी पलीकडे गेलेली असे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा पट तर साऱ्या वऱ्हाडांत नांवाजलेला. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींसह त्यांस पुन्हां वाट करून दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला, हें वाचकांस ठाऊक असेलच. मामा पटाला जाई तो बैल पाहावयास. त्याच्या शेजारीं उभे असलेले कांहीं लोक मात्र बैलांकडे न पाहतां एकमेकांच्या मुठींकडे पाहत. त्या मुठींत काय असतें हें आम्हांस पुढें फार उशीरा कळलें.

पुण्यास आमचे मेहुणे नोकरीला होते. १९९३ च्या श्रावणांत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां एके दुपारीं ते म्हणाले, "चला भावोजी, आज तुम्हांला घोडे दाखवितों." मुंबईच्या महालक्ष्मीचें मैदान १८८३ सालचें, तेथील शर्यती हिवाळ्यांत होतात, आणि पावसाळा लागला कीं घोडे, स्वार व शौकीन असा तो सारा संसार पुण्यास येतो. शर्यतीपूर्वीं घोडे वर्तुळांत फिरवीत होते. तुकतुकीत अंग, ताणलेली मान, क्षणांत पुढें क्षणांत मागें होणारे कान! इतकें देखणें जनावर आम्हीं पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. मेहुण्यांनीं एक घोडा निवडावयास सांगितलें. आम्हीं ज्याचें नांव संस्कृत होतें आणि ज्या नांवांतील संधि व्याकरणशुद्ध होता तो निवडला, आणि दहा रुपयांचें तिकीट काढलें. तो घोडा पहिला आला. दहाचे १४० रुपये झाले. त्यांतून सौभाग्यवतींसाठीं एक सुती पातळ घेतलें आणि आम्ही मोठ्या ऐटींत घरीं परतलों. त्या दिवशीं तो घोडा शेवटचा आला असता तर आमच्यावर केवढे उपकार झाले असते!

राळेगांवीं आलों तों घोडा बरोबर आलाच. त्या काळीं मुंबईचें वर्तमानपत्र आमच्या गांवीं एक दिवस उशीरा येई. त्यांतील शर्यतीचें पान कात्रीनें कापून आम्ही दोनशें पानी वहींत चिकटवूं. कोणता घोडा कोणत्या घोडीचा, बाप कोण, आजा कोण, किती मीटर धांवला, पाठीवर किती किलो वजन होतें, जमीन ओली होती कीं कोरडी, स्वार कोण, शिकविणारा कोण, सारें टिपून ठेवूं. या जातिवंत घोड्यांचीं कुळें बापाच्या बाजूनें मागें मागें नेलीं तर तीं सारीं तीनच मूळ पुरुषांपाशीं जाऊन थांबतात, हें वाचून तर आम्ही हरखलों. हें तर आमचेंच त्रिप्रवरी गोत्र! वंशावळ्या पाठ करणें हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांस याहून सोपा विषय तो कोणता?

या अभ्यासाला सुट्टी नव्हती. हिवाळ्यांत मुंबई, पावसाळ्यांत पुणें, उन्हाळ्यांत बंगळूर आणि उटी. कोठें ना कोठें घोडे धांवतच असत. मैदानावर वरचेवर जाणें मास्तरास परवडणारें नव्हतें. पण जिल्ह्याच्या ठिकाणीं एक गृहस्थ चोरून चिठ्ठ्या घेत. शनिवारीं सकाळची शाळा सुटली कीं 'शिक्षणखात्याचें काम' म्हणून एस. टी. धरावी, चिठ्ठी द्यावी, आणि रविवारीं संध्याकाळीं फोनच्या दुकानांतून निकाल विचारावा, असा क्रम पडला. मैदानाबाहेर अशी पैज घेणें व लावणें हा गुन्हा आहे हें आम्हांस ठाऊक होतें. वर्गांत 'सत्याचें महत्त्व' या विषयावर आम्ही निबंध देत होतों तो याच काळांत.

चढ नव्हते असें म्हटलें तर तें खोटें होईल. १९९८ सालीं एका रविवारीं तीन घोडे लागले आणि २,७०० रुपये हातीं आले. त्या रात्रीं आनंदानें झोंप आली नाहीं. उतार मात्र नित्याचे. कधीं घोडा उशीरा सुटे, कधीं ऐन वेळीं स्वार बदले, कधीं नाकाच्या अंतरानें डाव जाई. गंमत अशी कीं, जिंकल्यावर आम्ही स्वतःस पंडित ठरवूं. हरल्यावर मूर्ख मात्र कधीं ठरविलें नाहीं. जिंकलों तर आमचा अभ्यास, हरलों तर घोड्याची चूक.

शास्त्राधार काढण्यांतही आम्ही मागें नव्हतों. निर्जीव साधनांनीं खेळतात तें द्यूत आणि प्राण्यांकरवीं खेळतात तो समाह्वय, असे दोन भेद करून राजानें दोन्ही बंद करावे असें मनूनें सांगितलें आहे. तें आम्ही सोयीनें विसरलों. कौटिल्य द्यूतावर अधिकारी नेमून जिंकलेल्या रकमेचा शेंकडा ५ हिस्सा राजाला देववितो. तें मात्र ध्यानांत राहिलें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा केवळ दैवाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरविला. तें कात्रण आम्हीं वहीच्या पहिल्या पानावर डकविलें. कौशल्य खरेंच, पण तें घोड्याचें, स्वाराचें, आणि पहांटे उठून त्यांस तयार करणाऱ्याचें. आरामखुर्चींत बसून कात्रणें कापणाऱ्याचें त्यांत कितीसें?

आज शांतपणें पाहिलें म्हणजे त्या अभ्यासांतील मेख दिसते. पुष्कळशा शर्यतींत चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देतात आणि दुबळ्याच्या पाठीवर कमी. हेतु हा कीं, सारे घोडे जवळजवळ एका रेषेंत यावे. म्हणजे जें आम्ही रात्र जागून शोधून काढावें, तें अधिकाऱ्यांनीं वजनाच्या रूपानें आधींच फेडून टाकलेलें असे. दुसरें असें कीं, मैदानावरील टोटमध्यें सर्वांनीं लावलेले पैसे एका राशींत जमतात. त्यांतून क्लबाचा भाग व सरकारचा कर वजा होतो, आणि उरलेली रास जिंकणाऱ्यांत वांटली जाते. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या जोसेफ ओलरनें ही युक्ति काढली. म्हणजे पैज घोड्याशीं नसतेच; ती पैसे लावणाऱ्या इतर हजारों माणसांच्या मताशीं असते, आणि त्या सर्वांची मिळून बेरीज केली तर ती नेहमींच तुटीची येते. चोरून चिठ्ठ्या घेणारा गृहस्थही कांहीं धर्मादाय चालवीत नसतो.

२००४ सालचा मृग लागला होता. एके सकाळीं आमच्या वर्गांतील एका मुलाचा बाप ओसरीवर येऊन बसला. चार एकर कोरडवाहू शेत. आदल्या वर्षींचें पीक हातचें गेलेलें. टोपी हातांत घेऊन तो म्हणाला, "गुर्जी, बियान्यापुरते तीन हजार पाह्यजे होते. दिवाळीले चुकारा आला का पह्यले तुमचे देतो."

आदल्या शनिवारपर्यंत तीन हजार रुपये आमच्यापाशीं होते. ते बंगळूरच्या एका घोड्यावर लागले होते, आणि तो घोडा पांचवा आला होता. आम्हीं घसा साफ करून म्हटलें, "या महिन्यांत जमणार नाहीं रे." तो कांहीं न बोलतां उठला. फाटकापर्यंत गेला असेल नसेल, तोंच आंतून सौभाग्यवतींची हांक आली, "भाऊ, थांबा." त्या डाळीचा डबा घेऊन बाहेर आल्या. यात्रेसाठीं चार वर्षें सांठविलेले पैसे त्यांनीं ओसरीवर मोजले आणि त्याच्या हातीं दिले. आमच्याकडे त्यांनीं पाहिलें देखील नाहीं. आंत जातांना एवढेंच म्हणाल्या, "अहो, शनिवारचें शिक्षणखातें आतां पुरे करा." अकरा वर्षें त्यांस सारें ठाऊक होतें!

त्याच दिवशीं आम्हीं नाद सोडला असें येथें लिहितां आलें असतें तर बरें झालें असतें. पण तसें घडलें नाहीं. पुण्याच्या शर्यती सुरू झाल्या, आम्हीं दोन शनिवार चुकविले, आणि तिसऱ्या शनिवारीं पुन्हां एस. टी. त जाऊन बसलों.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळीं तो शेतकरी आला. तीन हजार रुपये आमच्या हातांत ठेवून त्यानें पायांवर डोकें ठेवलें. एका फडक्यांत पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस होता. "गुर्जी, तुमच्यानं पेरनी साधली. अन् हा कापूस मास्तरीनबाईले वातींसाठी." तुमच्यानं! पैसे आमचे नव्हते हें सांगण्यास आमचें तोंड उघडेना. सौभाग्यवती दारांत उभ्या होत्या. त्याही कांहीं बोलल्या नाहींत.

लक्ष्मीपूजनास जमाखर्चाच्या वह्या पाटावर मांडण्याची आमच्या घरची चाल आहे. त्या दुपारीं आम्हीं कात्रणांची वही काढली आणि प्रथमच तिची बेरीज केली. जिंकलेल्या रकमा तांबड्या शाईनें, ठळक, तारीखवार. लावलेल्या रकमा मात्र पेन्सिलीनें, समासांत, कांहीं पुसट झालेल्या. लावले ६८,९००, आले ४१,६५०, गेले २७,२५०. ज्यांचीं घरेंदारें बुडालीं त्यांच्यापुढें हा आंकडा कांहींच नव्हे. पण आमच्या मनानें दुसरा हिशेब केला: त्या शेतकऱ्याच्या नऊ पेरण्या!

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्त जुगाऱ्यास शेवटीं फांसे टाकून शेती करावयास सांगतें. आमच्या भागांत शेती हाच एक डाव आहे. पाऊस, बोंडअळी आणि बाजारभाव या तिघांशीं तो खेळावा लागतो. पण शेतकरी तो खेळतो पोटासाठीं, कारण त्यास दुसरी वाट नाहीं. आमचा पगार ठरलेला असून आम्ही डाव हौसेनें विकत घेत होतों, आणि त्यालाच अभ्यास म्हणत होतों.

नळाचें आख्यान आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें असेल. दमयंतीचें माहेर कुंडिनपूर म्हणजेच वर्धेच्या काठचें कौंडिण्यपूर, असें आमच्याकडे मानतात. तेव्हां नळ हा आम्हां वैदर्भीयांचा जांवईच. त्याच्याइतका घोड्यांचा जाणकार कोणी नव्हता. दिसावयास रोडके घोडे निवडून त्यानें ऋतुपर्णाचा रथ अयोध्येहून कुंडिनपुरास एका दिवसांत आणला. तरी तोच नळ द्यूतांत राज्य हरला. अश्वहृदय जाणणाऱ्यास अक्षहृदय ठाऊक नव्हतें. तें ठाऊक होतें ऋतुपर्णाला, आणि त्याची विद्या कोणती? तर वाटेवरील बेहड्याच्या झाडाचीं पानेंफळें अचूक मोजणें! नळाला ती विद्या मिळाली तेव्हांच कलि त्याच्या अंगांतून निघाला. इतकीं वर्षें शिकवूनही आम्हांस हा अर्थ वर्गांत उमगला नाहीं. तो त्या दुपारीं वहीपाशीं उमगला. जुगाराचें मर्म मोजण्यांत आहे, आणि जुगारी तेवढेंच टाळतो.

त्यानंतर आम्हीं चिठ्ठी दिली नाहीं. घोड्यांचें प्रेम मात्र गेलें नाहीं. २०१८ च्या फेब्रुवारींत मुलानें आम्हांस महालक्ष्मीला इंडियन डर्बी दाखविली. १९४३ पासून चालत आलेली ही २,४०० मीटरांची शर्यत. आम्हीं तिकीट लावलें नव्हतें. घोडे समोरून गेले, जमीन हादरली, आणि ध्यानांत आलें कीं, या वेळीं आम्हीं सगळे घोडे पाहिले, अगदीं शेवटचा सुद्धां. पैसे लावणाऱ्याला एकच घोडा दिसतो.

आज राजाचा हिस्सा कौटिल्याच्या ५ वर राहिलेला नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर शेंकडा २८ कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें मोबाइलवरील पैशांचे खेळ बंद करणारा कायदाही केला. कायदा हवाच. पण आमच्या वेळीं डाव लावण्यास निदान शनिवारची एस. टी. धरावी लागे, आणि वाटेंत विचार करण्यास तासभर मिळे. हल्लींच्या मुलांस तोही मिळत नाहीं.

म्हणून कुटुंबवत्सल वाचकांस एवढेंच सांगणें आहे. घरांत कोणी घोड्यांचा, क्रिकेटचा वा पत्त्यांचा 'अभ्यास' करीत असेल तर त्याच्याशीं नीतीवर वाद घालूं नका. आम्ही स्वतः नीति शिकवीत होतों. तिचा आम्हांस उपयोग झाला नाहीं. त्याची वही मागून घ्या, आणि दोन्ही बाजूंची बेरीज त्याच्याच हातानें करवा.

आमची ती वही अजून आहे. दर लक्ष्मीपूजनास आम्ही ती इतर वह्यांबरोबर पाटावर ठेवितों. सौभाग्यवती तिला हळदकुंकू वाहत नाहींत; पण पाटावरून काढूनही टाकीत नाहींत.