पुस्तक मिटल्यावर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी आला. आता तो बीदरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा होईपर्यंत तो इकडचे तिकडचे बोलला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "सर, दिवसाला आठ-आठ तास वाचतो. पण पेपर हातात पडला की डोकं कोरं होतं." त्याने अर्थशास्त्राचे पुस्तक दाखवले. पान न् पान पिवळ्या शाईने रंगवलेले होते. मी ते मिटून मांडीवर ठेवले आणि म्हणालो, "आता सांग, यात काय आहे?"

तो गप्प बसला. तसे गप्प बसणे मी स्वतः अनुभवले आहे.

मेहकर हे आमचे गाव भालकी तालुक्यातले. १९५६ साली बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. सरहद्द पडली तरी सोयरीक, बाजार आणि शिक्षण यांसाठी आमची पावले उदगीरकडेच वळत राहिली. मीही दहावीनंतर तिकडे गेलो, कारण तिथे कला शाखेची पदवी मराठीतून घेता येत होती. माझ्या फीसाठी थोरल्या भावाने सातवीतच शाळा सोडली होती. हे घरात कोणी कधी बोलून दाखवले नाही, पण मला ते सतत टोचत असे.

म्हणून मी अभ्यासाला कमी पडायचे नाही असे ठरवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट शाळेत ऐकलेली होती. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहायचे. मुलगा लवकर झोपायचा आणि वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागून त्याला अभ्यासाला उठवायचे. आम्ही त्या गोष्टीतून फक्त रात्रीचे दोन एवढेच उचलले! मीही दोनला उठायचो आणि कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचायचो. एकेक प्रकरण सात-आठ वेळा वाचून व्हायचे. शेजारच्या खोलीतली मुले म्हणायची, हा पहिला वर्ग मारणार.

१९८९ च्या जूनमध्ये निकाल लागला. इतिहासात मी नापास झालो होतो. पेपर सोपा होता हे मला आजही कबूल केले पाहिजे. प्रश्न नेहमीचे होते, फक्त थोडे फिरवून विचारलेले. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे मला ओळीने पाठ होती, पण 'राज्यक्रांती अटळ होती काय?' असा प्रश्न आला आणि पहिली ओळच सापडेना. ती सापडली नाही म्हणून पुढचीही आली नाही.

गावी परतलो. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत शेतात राबायचे होते. दादा, म्हणजे माझे वडील, सहीपुरते शिकलेले. ते रागावले नाहीत, हे जास्त जड गेले. एका दुपारी कोळपणी थांबवून आम्ही लिंबाखाली भाकरी खायला बसलो होतो. ते सहज म्हणाले, "काय वाचत होतास रे एवढं? मला तरी सांग की."

मी सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडकलो. पुस्तकातली भाषा दादांपुढे चालेना. सरंजामशाही, विशेषाधिकार हे शब्द काढून टाकले, तर माझ्यापाशी काही उरतच नव्हते. दादा विचारत होते ते साधे होते. "सारा कोण भरत होतं? मोठी माणसं का भरत नव्हती? मग राजानं पैसा कुठनं काढला?" दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून मी त्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली. अमीर-उमराव आणि धर्मगुरू बहुतेक करांतून मोकळे, तिजोरी कर्जात बुडालेली, १७८८ चे पीक बुडालेले, पाव महागलेला. दुपारी ते सांगितले. दादा हातातला तुकडा तसाच धरून म्हणाले, "म्हंजे आपल्या निजामाच्या लेव्हीवानीच की. घरात दाणा नसला तरी माप घालावंच लागायचं."

बॅस्टिलचा तुरुंग १४ जुलै १७८९ ला पडला, हे त्यानंतर मला कधी पाठ करावे लागले नाही.

त्या पावसाळ्यात मी जवळजवळ सारे पुस्तक दादांना सांगितले. आधी वाचायचे, मिटायचे आणि सांगायचे. जिथे अडेल तेवढेच पुन्हा पाहायचे. कधी कधी दादा पेंगायचे, तेव्हा बैलांना सांगत असे. ऑक्टोबरमध्ये पास झालो. पुढे एम.ए.लाही दुसराच वर्ग मिळाला, तेव्हा फार मोठा चमत्कार झाला असे समजू नये.

यामागचे कारण मला कितीतरी वर्षांनी वाचनातून कळले. जर्मनीतल्या एबिंगहाऊसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, की पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच गळून जाते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, शेकडा ८१ विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पुन्हा वाचलेल्यातले ४२ उरले आणि आठवून लिहिलेल्यातले ५६. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलांना आपल्या लक्षात राहील याची खात्री अधिक होती. उदगीरच्या त्या खोलीत मला होती तशीच.

हे त्या मुलाला सांगताना माझी जीभ थोडी अडखळली. कारण मुख्याध्यापक झाल्यापासून मी काय करतो? एस.एस.एल.सी.चा निकाल घसरू नये म्हणून जानेवारी लागला की ठरावीक प्रश्नांची उत्तरे वाटतो आणि वर्गात सामुदायिक पाठांतर घेतो. निकाल चांगला लागतो. पेढे वाटले जातात. या मुलाची उत्तरेही मीच पाठ करून घेतली होती. पिवळ्या शाईची सवय त्याने कुठून आणली, हे त्याला विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. यंदा जूनपासून आठवड्यातले दोन तास दहावीच्या वर्गात पुस्तके मिटलेली असतात. दोन शिक्षक नाराज आहेत. मार्चमध्ये काय होईल ते दिसेलच.

तो मुलगा पोळ्याला गावी आला तेव्हा पुन्हा भेटला. 'मागणीची लवचिकता' आईला सांगायला बसला होता म्हणे, ती तूर निवडत असताना. किंमत वाढली की मागणी घटते, असे त्याने सांगितले. आईने सुपातून मान वर केली आणि विचारले, "मग मीठ महागलं तर आपण आळणी खातो का रे?"

"सर," तो म्हणाला, "उत्तर त्याच प्रकरणात होतं. मी त्यावर पिवळी रेघसुद्धा मारलेली होती."