रुमणं आणि सुकाणू

येळ्ळुरात 'टिलर' म्हटलं की पॉवर टिलरच. भाताच्या खाचरात चिखलणी करणारा, पहाटे सगळ्या गल्लीला उठवणारा. त्यामुळे गोव्याहून मावसबहिणीचा फोन आला, "माझा टिलर मोडला," तेव्हा आज्जा म्हणाले, "ही शेती कवापास्नं कराय लागली?"

तिचा टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा. ती सोळा वर्षांची. दोना पावलाच्या किनाऱ्यावर इल्का ४ ही एकटीनं चालवायची शिडाची होडी ती शिकते. होडी सव्वाचार मीटरची, शीड ४.७ चौरस मीटरचं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन ज्या होड्यांवर उतरले, त्यांचा सांगाडा हाच, फक्त शिडं मोठी. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. वाऱ्याचा आणि पाण्याचा सगळा निरोप त्या दांड्यातूनच हाताला पोचतो. तिचा जुना लाकडी दांडा खिळीच्या भोकापाशी उभा चिरला होता, आणि पावसाआधीच्या शेवटच्या शर्यतीला तीन आठवडे उरले होते.

सुट्टीत मी मावशीकडे गेले, तर घरात याच विषयावर बैठक बसलेली. नियमात दांडा कशाचा असावा याला बंधन नाही. तो काढता यावा आणि वरची कड सरळ असावी, एवढंच. म्हणून पर्याय तीन: लाकूड, ॲल्युमिनियम, कार्बन फायबर.

लाकूड स्वस्त, सुताराकडून करून मिळतं. पण पुरेसं मजबूत करायचं तर जाड होतं, आणि इथे जाडी नडते. होडीच्या मागे एक दोर दांड्याच्या वरून आडवा जातो, त्यावर शिडाच्या दोराची कप्पी सरकते. वाऱ्याच्या रोखानं जाताना तो दोर ताठ ठेवावा लागतो. दांडा जाड असला की दोर वर उचलला जातो आणि वळताना कप्पी अडकते. कार्बन पातळ, हलका, वाकत नाही. पण त्याची किंमत मावशीच्या महिन्याच्या घरखर्चाला भिडत होती, आणि मावशी घरी केक करून विकते. शिवाय सुकाणूचं डोकं ॲल्युमिनियमचं. खाऱ्या पाण्यात कार्बन त्याला चिकटून राहिला तर ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून रोज गोड्या पाण्यानं धुवायचं. बहिणीला कार्बनच हवा होता. "सगळ्यांकडे तोच आहे गं," ती म्हणाली. मावशी काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त अवघड होतं.

मी आज्जांना फोन लावला. त्यांनी आयुष्यभर नांगर धरला. तीन वर्षांपूर्वी बैल विकले, तेव्हापासून तो गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला आहे. सगळं ऐकून ते म्हणाले, "माल कसला हाय ते मागनं बघा. आधी बसतंय कसं ते बघा. रुमणं डुगडुगाय लागलं की बैल चांगलं असून काय उपेग? तास वाकडंच जातंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सुकाणूचं डोकंच पिशवीत घालून दुकानात गेलो. कार्बनचा दांडा त्या झिजलेल्या खाचेत हलत होता. ॲल्युमिनियमचा घट्ट बसला. कार्बनलाही पट्टी गुंडाळून घट्ट करता आलं असतं, दुकानदारानंही तसं सांगितलं. बहीण दोन्ही आळीपाळीनं बसवून डोळे मिटून हलवत राहिली. मग म्हणाली, "हा दे." उरलेल्या पैशांत दांड्याच्या टोकाची लांब काठी नि तिचा सांधा नवा घेतला, कारण होडीच्या कडेवरून बाहेर झुकल्यावर हातात तीच असते. वरच्या कडेला दोरानं घासू नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी बसवली.

परतीच्या बसमध्ये मला राहून राहून वाटत होतं, मराठीत शेतातला नांगरही नांगर आणि जहाजाचाही नांगरच. एक जमीन उलथतो, दुसरा जागेवर धरून ठेवतो. इंग्रजीत 'टिलर' म्हणजे सुकाणूचा दांडाही आणि जमीन कसणाराही. आज्जांनी समुद्रात कधी पाय बुडवला नाही, पण सल्ला त्यांचाच कामी आला.

शर्यतीत ती मधेच कुठेतरी आली. रात्री फोनवर आज्जांनी नंबर विचारलाच नाही. विचारलं, "डुगडुगलं काय?"

"नाही आज्जा."

"मग झालं की."