त्यो काऽऽय राजगड

आमच्या घरात प्रवासाचं शास्त्र आजीच्या ताब्यात होतं, आणि आजी स्वतः पुण्याच्या पलीकडे जेमतेम दोनदा गेली होती. पण सुट्टीत भोरला जमणारी आम्ही सात चुलत-आते भावंडं अजून त्याच शास्त्रावर चालतो.

पहिला नियम स्वारगेटचा. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. रुमाल मात्र गेला तरी चालेल असा घ्यायचा. धाकट्यानं एकदा काकांचा नवा कोरा रुमाल भलत्याच खिडकीत टाकला. रुमाल साताऱ्याला गेला, आम्ही भोरला. ज्याला गाडी लागते त्यानं कात्रजचा जुना बोगदा मागे पडेपर्यंत तोंडात आलेपाक धरायचा आणि बोलायचं नाही. कापूरहोळला महामार्ग सोडून गाडी वळली की पोटं आपोआप सुधारायची. आंबेमोहराच्या भाताचा वास भोरच्या स्टँडपर्यंत येतो, असं आम्ही शपथेवर सांगायचो.

आजीचं खरं शास्त्र होतं वाट विचारण्याचं. ‘किती लांब?’ असं विचारायचंच नाही. इकडे लांब म्हणणं म्हणजे पाहुण्याचा उत्साह मोडणं, म्हणून कुणी तसं म्हणत नाही. उत्तर ठरलेलं: ‘हा काय, हितंच.’ तेव्हा शब्द ऐकायचे नाहीत, ‘काय’ किती ओढला ते ऐकायचं. आखूड ‘त्यो काय’ म्हणजे पुढचं वळण. ‘त्यो काऽय’ म्हणजे एक ओढा आणि एक टेपाड. आणि सांगणाऱ्यानं हात खांद्याच्या वर नेऊन ‘त्यो काऽऽऽय’ म्हटलं, तर आधी डबा खाऊन घ्यायचा.

आम्हाला हे पटलं १९८२ च्या मे महिन्यात. नसरापूरला गाडी बदलून आम्ही मार्गासनीला उतरलो आणि गुंजवणे कुठे म्हणून विचारलं. पारावरच्या आजोबांनी तंबाखू मळता मळता हात वर केला. ‘काय’ चांगलाच लांबला होता. पण सातांपैकी सहा जणांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. अर्ध्या वाटेत एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन मागून आल्या, ‘दमला व्हय?’ म्हणाल्या आणि पुढे दिसेनाशा झाल्या. त्या दिवशी राजगडाचा चोर दरवाजा चढून पद्मावती माचीवर टेकलो तेव्हा सुवेळा माची, संजीवनी माची, बालेकिल्ला यातलं काहीही बघायची कुणाची इच्छा नव्हती. शिवरायांनी रायगडाआधी इतकी वर्षं इथून राज्य केलं. त्यांना रोज कुणी ‘हितंच हाय’ म्हणत असेल का, एवढाच विचार आला.

उतरायला पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट सोपी, गुडघेवाल्यांनी चढायलाही तीच घ्यावी. आम्ही तिनं वाजेघरच्या बाजूला आलो आणि शेवटची गाडी गेली होती. इथे आजीचा तिसरा नियम कामी आला: मुक्कामी एसटी कोणत्या गावात झोपते ते माहीत हवं. पहाटे ती तिथूनच सुटते. रात्र मारुतीच्या देवळात काढली. चालकानं पहाटे आम्हाला हाका मारून उठवलं आणि धाकट्याला इंजिनाच्या उबेला बसवलं.

तोरण्याचे नियम मोठ्या काकांचे. मेंगाईच्या देवळात मुक्काम करू नये. का, ते विचारल्यावर काका आवाज खाली आणायचे, म्हणजे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात बुधला माचीकडे पाय टाकू नये, हे मात्र शंभर टक्के खरं.

आता वेल्हे तालुक्याला राजगड म्हणतात. आमच्या तोंडातून वेल्हेच येतं. गेल्या दिवाळीनंतर भाच्यांना घेऊन केळदला गेलो होतो, मढे घाट बघायला. भाच्याचा नकाशा बंद पडला, रेंज नव्हती. गुरं वळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना त्यानं फार अदबीनं विचारलं, ‘आजोबा, किती मिनिटं लागतील?’

बाबांनी काठी वर केली. ‘त्यो काऽऽऽऽय.’

भाचा निघाला. मी गाडीची डिकी उघडून डबा काढला.