देवाच्या आडोशाने

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वराकडे येणाऱ्या वाटांवर मांडव पडू लागतात. चार बांबू, वर ताडपत्री नाहीतर झावळ्या, खाली बाक आणि बाकावर पाण्याचं पिंप. महाशिवरात्रीला समुद्रालगतच्या या देवळात दर्शनाची रांग लागते आणि अमावास्येला तीर्थस्नानासाठी गावोगावच्या देवस्वाऱ्या येतात. देवाने कौल दिला की गाव निघतं. पुढे ढोल-ताशे, मग तरंग, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, आणि मागे अनवाणी माणसं. माघ सरताना कोकणातली दुपार भाजून काढते, डांबरी रस्ता पायाला चटके देतो. वाटेवर मात्र कुणी कोकम सरबत घेऊन उभं असतं, कुणी ताक, कुणी उपवासाची खिचडी. मुंबईच्या मंडळाने वर्गणी पाठवलेली असते, वाडीतली पोरं वाढायला असतात.

एरवी याच वाटेवरून तहानलेला माणूस गेला तर त्याला कुणी नाही म्हणणार नाही. पण त्याला मागावं लागेल. यात्रेत मागावं लागत नाही, हा फरक लहान नाही.

एका घरासमोर मी देवस्वारी थांबलेली पाहिली. घरातल्या म्हातारीने तरंग धरणाऱ्यांच्या पायांवर कळशीभर पाणी ओतलं, तरंगांना हळदकुंकू वाहिलं आणि मग मागच्या माणसांना सरबताचे पेले द्यायला घेतले. घोळक्याच्या शेवटी फाटक्या शर्टातला एक माणूस उभा होता. स्वारीतला नव्हता, हे कुणालाही दिसत होतं. जत्रांमागून जत्रा फिरणाऱ्यांपैकी असावा. तो पुढे यावं की नाही या विचारात असताना तिने त्याच्या हातात पेला दिला. तसाच पेला, तसाच काठोकाठ. नातवाने हळूच विचारलं, "ह्यो खयलो?" ती म्हणाली, "देवावांगडा इलो हा."

सणासुदीला माणसं का देतात, याचं माझ्या मते खरं उत्तर 'देवाबरोबर आलाय' या तिच्या वाक्यात आहे. पुण्याचा हिशेब असतो, आईवडिलांच्या नावाने काहीतरी करायचं असतं, चारचौघांत मिरवायचंही असतं. हे सगळं खरं आहे. पण या सगळ्याला वाट करून देणारी गोष्ट वेगळी आहे. देणं अवघड असतं ते खिशामुळे कमी आणि नजरेमुळे जास्त. देणारा वर होतो, घेणारा खाली. मार्सेल मॉस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने 1925 साली भेटवस्तूंच्या व्यवहारावर निबंध लिहिला. त्याचं सार असं की फुकट असं काही नसतंच. घेतलेली वस्तू परतफेडीचं ओझं घेऊन येते. आपल्याकडे त्याला उपकार म्हणतात आणि मानी माणूस त्यापेक्षा उपाशी राहतो. सण देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये देवाला उभं करतो. म्हातारीने दिलं ते देवाच्या माणसाला आणि त्याने घेतलं ते देवाचं. कुणी कुणाचं देणं लागत नाही.

जुन्यांना हे ठाऊक होतं. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' हा ग्रंथ सिद्ध केला, त्यात दानाला अख्खा खंड दिला. संक्रांत, ग्रहण, अमावास्या अशी पर्वं दानाला नेमून दिली की देणाऱ्याला कारण शोधावं लागत नाही आणि घेणाऱ्याला सांगावं लागत नाही. इस्लामात रमजान ईदचं फितरा हे दान नमाजाच्या आधी द्यायचं असतं, सणाच्या दिवशी कुणावर हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून. 1891 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत सॅल्व्हेशन आर्मीच्या जोसेफ मॅकफीने बोटीच्या धक्क्यावर एक भांडं टांगलं. गरिबांना नाताळचं जेवण घालायचं होतं, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी त्यात नाणी टाकली. बंदर दुसरं, देव दुसरा, युक्ती तीच.

कुणकेश्वराची दंतकथाही अशाच एका देणाऱ्याची आहे. एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याचं तारू वादळात सापडलं, किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला, त्याने नवस केला आणि वाचल्यावर देऊळ बांधलं. इतिहासाच्या कसोटीला ती उतरो न उतरो, पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते आणि त्यात तो नुसता 'व्यापारी' आहे. नाव उरलेलं नाही. आज मांडवावर सौजन्याचा फलक आधी चढतो, पिंप मागाहून येतं. फलकावर हात जोडलेला हसरा फोटो असला की मधला देव बाजूला होतो, पुन्हा देणारा वर आणि घेणारा खाली. पाणी तेच असतं, तहानही भागते. पण त्या फाटक्या शर्टाच्या माणसाला तिथे पुढे व्हायला अंमळ जड जाईल.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. सणातलं देणं गरज पाहून येत नाही, तिथी पाहून येतं. या किनाऱ्यावर खरी चणचण पावसाळ्यात असते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, आंब्याच्या बागेतलं काम संपलेलं, हातावर पोट असलेल्यांची चूल कशीबशी पेटते. तेव्हा रस्त्यावर मांडव पडत नाही. म्हणून कुणी यात्रेतल्या अन्नदानाला देखावा म्हणेल, तर त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

पण आषाढातही या वाड्यांमध्ये देणं चालतं, फक्त ते ओळखू येत नाही. संध्याकाळी शेजारीण पानात गरे घेऊन येते आणि म्हणते, "फणस कापलो, आमका खावन सरणा नाय." फणस सरला असता, हे दोघींनाही माहीत असतं. कधी भात "चुकून जास्त" शिजतो, कधी जुनं छप्पर उतरताना कौलं "उगाच पडून" असतात. तिथी नाही, देव नाही, तेव्हा त्या आडोशाच्या जागी बाई एक निमित्त रचते. यात्रेने तिला शिकवलेलं असतं ते हेच. पोटाला द्यायचं ते असं द्यायचं की मानेला वाकावं लागू नये. पर्वकाळात हे शहाणपण आयतं मिळतं. बाकीच्या दिवसांत ते ज्याचं त्याला जुळवावं लागतं आणि माणसाची दानत त्या दिवसांत कळते.