बालाघाटातले सीताफळ आणि थंडीची मुदत

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी लागते. अहमदनगरच्या निजामशाहीत, १५८२ साली बांधलेली ही विहीर. तिचे पाणी भुयारातून वाहत जाऊन खालच्या शेतांना मिळते. ही विहीर मागे टाकून गाडी मांजरसुंब्याच्या घाटाला लागली की पाण्याचा भरवसा मागेच राहतो. पुढे बालाघाटाच्या रांगा, मुरूम आणि दगड. पण ऑक्टोबरात याच दगडांतून हिरवी झुडपे फळांनी लगडलेली दिसतात. घाटाच्या कडेला बाया पाट्या मांडून बसतात. हा सीताफळाचा हंगाम.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावात सीता असली तरी या झाडाचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. समुद्र ओलांडून आलेले हे झाड आपल्या डोंगरात असे रुजले की कुणाला ते परके वाटत नाही. उर्दूत याला शरीफा म्हणतात. वर्गात मी दोन्ही नावे फळ्यावर लिहिते, तेव्हा मुले विचारतात, "मॅडम, खरे नाव कोणते?" मी सांगते, दोन्ही खरी.

हे झाड डोंगरावर टिकले याचे एक कारण शेळी आहे. शेळी बाभळीच्या काट्यांतूनही पाला ओरबाडते, पण सीताफळाच्या कडवट पानाला सहसा तोंड लावत नाही. दुसरे कारण त्याचा सोशिकपणा. उन्हाळ्यात पाने झाडून ते उभे राहते. पाऊस पडला की पालवते, फुलते आणि फुलापासून साधारण चार महिन्यांत फळ काढणीला येते. कुणी खत घालत नाही, कुणी पाणी देत नाही.

मात्र एक गोष्ट त्याला सोसत नाही, ती म्हणजे थंडी. आपल्याकडे काही बर्फ पडत नाही. तरी डिसेंबरात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. तोवर झाडावर राहिलेले फळ पिकत नाही. ते आक्रसते, काळे पडते आणि दगडासारखे टणक होऊन फांदीवरच लटकत राहते. पाऊस उशिरा आला की फुले उशिरा धरतात, आणि अशा वर्षी थंडीच्या तावडीत सापडणारी फळे वाढतात.

गेल्या हंगामात एका रविवारी नेकनूरच्या पुढे एका वस्तीवर गेले होते. तिथल्या एका मावशींनी मला फळ कसे ओळखायचे ते दाखवले. सीताफळाच्या अंगावर जे फुगीर खवले असतात, त्यांना डोळे म्हणतात. कच्च्या फळात ते एकमेकांना चिकटलेले असतात. फळ तयार झाले की दोन डोळ्यांमधली जागा रुंदावते आणि तिथे पिवळसर पांढरी रेघ दिसू लागते.

"डोळा उघडल्याबिगर हात लावायचा न्हाई बगा, मॅडम," मावशी म्हणाल्या. "मिटल्या डोळ्याचं तोडलं, तर ते ना आपल्या तोंडाला लागतं, ना दुसऱ्याच्या."

डोळे उघडलेले फळ तोडून ठेवले की दोन-चार दिवसांत मऊ होते. मिटलेले तोडले तर बरेचदा काळे पडते, आणि मऊ झालेच तरी गोडी येत नाही. ज्या देशांत हिवाळ्यात जमीन गोठते, तिथले लोक पहिल्या हिमाआधी परसातले हिरवे टोमॅटो काढून कागदात गुंडाळतात आणि घरात पिकवतात. टोमॅटो तेवढी सवलत देतो. सीताफळ देत नाही. त्यामुळे एकाच झाडाखाली आठ-आठ दिवसांनी पुन्हा जावे लागते आणि उघडले तेवढेच तोडावे लागते.

पण पुन्हा पुन्हा जायला माणूस घरी हवा ना! दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, टोळी ठरलेली असते. कारखाना पेटला की कोयता हातात घ्यावाच लागतो. त्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत सीताफळाच्या पाट्यांतून जो पैसा येतो, त्यातून वाटेचा खर्च निघतो, म्हाताऱ्या माणसांजवळ चार पैसे ठेवता येतात. म्हणजे एकीकडून थंडी येते, दुसरीकडून कोयता बोलावतो आणि फळाचा डोळा मात्र आपल्याच वेळेला उघडतो.

या घाईतून एक रीत पडली आहे. बांधावरची किंवा बागेतली झाडे फळ हिरवे असतानाच उक्ती विकायची. मालकाला लगेच पैसा मिळतो, पण गरज त्याची असल्याने भाव पडतो. व्यापाऱ्याचे पैसे अडकतात, म्हणून थंडीच्या भीतीने तो एकदाच सगळे झाड ओरबाडतो. त्यात मिटल्या डोळ्यांची फळेही क्रेटमध्ये भरली जातात आणि शेवटी तुमच्या-आमच्या घरी येऊन काळी पडतात. नुकसान तिघांचेही.

आपल्या घरांसाठी हा विषय नवा नाही. मराठवाड्यात फळांचा व्यापार करणारी बागवान मंडळी आपल्यातलीच आहेत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत अनस (रजि.) यांचे निवेदन आहे. फळ पक्व होऊ लागल्याचे दिसेपर्यंत त्याची विक्री करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. खजुराची खूण म्हणजे त्याला चढलेला लाल किंवा पिवळा रंग. कारणही सांगितले आहे: अल्लाहने फळ येऊच दिले नाही, तर भावाचा पैसा तुम्ही कशाच्या बदल्यात घेणार? हा हुकूम वाचताना मला बालाघाटातला डोळा आठवतो. खजुराचा रंग तसा सीताफळाचा डोळा.

ओळखीच्या एका बागवान चाचांना मी हे विचारले. ते म्हणाले, "बेटी, हम तो अब आँख खुली देखकेच सौदा करते. पाटी के हिसाब से लेते, झाड नै लेते. नफा थोडा कम, लेकिन माल वापस नै आता." धंद्याचे गणित आणि दीनची शिकवण इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. बालानगर, धारूर-६ यांसारख्या वाणांच्या बागा आता जिल्ह्यात उभ्या राहत आहेत. पाण्याची थोडी सोय असेल तर बागाईत झाडाचा बहार वेळेत धरता येतो. डोंगरातल्या झाडाला मात्र पाऊस आणि माणसाची सबुरी एवढेच पुरते.

आपण गिऱ्हाईक म्हणून काय करावे? पाटीतले फळ हातात घेऊन डोळे पाहावेत. मिटलेले असतील तर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आपण घेतो म्हणूनच ते तोडले जाते. उघडलेले असेल तर घाटातल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. घरी ते गवतात किंवा कागदात ठेवावे आणि मऊ झाल्यावरच खावे. बिया लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर मोठी इजा होते. आणि अंगणात जागा असेल तर दोन-चार बिया पावसाळ्याच्या तोंडावर जरूर लावाव्यात. तीन-चार वर्षांत झाड फळाला येते, आणि त्यातले चिमणी-पाखरांनी खाल्लेले फळसुद्धा लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते.