दोन रात्रींचे पाहुणे

परदेशप्रवासाची वर्णने आपल्या वाचकांना नवीन नाहीत. विमानतळ, उंच मनोरे, पदार्थसंग्रहालये, उपाहारगृहातील बिलाचा आकडा आणि शेवटी 'आपल्या घरासारखे सुख नाही' हा निष्कर्ष, या क्रमाने ती बहुधा पुढे सरकतात. परंतु नगरी जशी वेशीतून दिसते तशीच ती माजघरातूनही दिसू शकते, आणि माजघरातून दिसणारी नगरी पुष्कळदा अधिक खरी असते. गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयतां बर्लिन येथे चार रात्री राहिलो, त्या चारही रात्री दोन गृहस्थाश्रमी कुटुंबांच्या घरी. तेथील माजघरांविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही सोय कशी झाली, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. दुसऱ्या महायुद्धाची राख पुरती निवली नव्हती, अशा काळी, १९४९ साली, डेन्मार्कमध्ये काही शांतताप्रेमी मंडळींनी एक योजना काढली. निरनिराळ्या देशांतील सामान्य माणसे एकमेकांच्या घरी राहिली, एका ताटावर बसली, तर पुन्हा एकमेकांवर बंदुका रोखणे त्यांना जड जाईल, असा त्यांचा साधा विश्वास होता. या संघटनेचे नाव 'सर्वास'. एस्पेरांतो भाषेत याचा अर्थ 'सेवा करतो' असा आहे. मराठी कानाला मात्र ते 'सर्वास नमस्कार' यातील चतुर्थीचे रूप वाटते, आणि अर्थाच्या दृष्टीने तेही काही वावगे नाही. इच्छुक प्रवाशाची आधी मुलाखत होते, त्याला परिचयपत्र मिळते, मग त्याने यजमानांना पत्राने विचारावयाचे. यजमानाने पैसे घ्यावयाचे नाहीत, पाहुण्याने द्यावयाचे नाहीत. मुक्काम साधारणतः दोन रात्रींचा.

दोन रात्रींची ही मर्यादा आम्हांस फार शहाणपणाची वाटली. 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई', हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलेलेच आहे. डेन्मार्कच्या मंडळींनी ते ऐकले नसेल, पण अनुभव सर्वत्र एकच असणार. आणि परक्या घराच्या आधाराने प्रवास करणे आपल्यालाही कुठे अपरिचित आहे? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, ते आपल्या ग्वाल्हेर-झाशीच्या मुलखात कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवरच उतरत गेले. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सात वारी सात घरी. त्या अन्नावर किती विद्वान पोसले गेले, याची गणती नाही.

शासकीय नोकराला परदेशी जाण्यासाठी लागणारे ना हरकत प्रमाणपत्र आणि इतर कागद जमवण्यात दोन महिने गेले. तो इतिहास रंजक नाही. सामान म्हणजे प्रत्येकी एक पाठीवरची पिशवी. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मुख्याध्यापकाने पाठीवर बोजा घेऊन चालावे, हे दृश्य आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिले नाही हे बरे झाले. पिशवीत कपडे, औषधे, चकल्यांचा डबा आणि यजमानांसाठी चंदेरीचे दोन दुपट्टे.

बर्लिन ही पस्तीस लाखांहून अधिक वस्तीची राजधानी. पण तिथल्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत फलाटाकडे जाणारा मार्ग अडवणारे फाटक नाही. तिकीट घ्यावे, यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा आणि गाडीत बसावे. तपासनीस साध्या वेषात अवचित येतो आणि विनातिकीट सापडलेल्यास ६० युरो दंड होतो. म्हणजे विश्वास आधी, तपासणी नंतर. शाळेत आम्ही नेमके याच्या उलट करीत आलो आहोत, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

पहिल्या यजमानीण बाई वयाने सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. घर वेडिंग या जुन्या कामगार वस्तीत, चौथ्या मजल्यावर; उद्वाहन नाही. बर्लिनच्या जुन्या इमारती आपल्या वाड्यांची आठवण करून देतात. रस्त्याकडे पुढची इमारत, तिच्या मागे चौक, चौकाला लागून बाजूच्या खोल्या, मग मागची इमारत, कधी पुन्हा चौक. एकोणिसाव्या शतकातील नियमानुसार चौकाची किमान लांबीरुंदी ५.३४ मीटर असावी लागे, कारण आग विझवण्याचा बंब तेवढ्यात वळू शके. वाऱ्याचा आणि उन्हाचा विचार त्यात नव्हता. मागच्या खोल्यांतून कामगारांच्या दोन पिढ्या अंधारात वाढल्या.

दारातच बाईंनी आमच्यापुढे घरात घालावयाच्या सपाता ठेवल्या. बाहेरची पादत्राणे उंबऱ्याच्या आत आणावयाची नाहीत, हे पाहून सौभाग्यवतींचा निम्मा परकेपणा तेथेच गळून पडला. संध्याकाळचे जेवण 'आबेंटब्रोट', म्हणजे शब्दशः सांजेचा पाव: राय धान्याचा काळपट, जड पाव, लोणी, चीज, काकडी, मुळे. चूल पेटवावयाची नाही. दिवसाचे ऊन अन्न दुपारीच होऊन जाते. आम्ही शाकाहारी आहोत हे पत्रात कळवले होते, म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या शतावरीचे लांब कोंब उकडून, बटाट्यांबरोबर वाढले. बर्लिनजवळच्या बीलित्स गावची ही शतावरी प्रसिद्ध आहे. २४ जूनला तिचा हंगाम संपतो, आणि लोक आपल्याकडच्या आंब्यासारखी तिची वाट पाहतात. चकली बाईंना आवडली. तिखट लागले तरी त्यांनी पाणी मागितले नाही.

इमारतीच्या दारापुढे पदपथात दहा सेंटिमीटर लांबीरुंदीची एक पितळी पाटी बसवलेली होती. 'येथे राहत होती' अशा शब्दांनी सुरू होणारी, खाली एका ज्यू स्त्रीचे नाव, जन्मवर्ष आणि तिला नेऊन मारल्याचे वर्ष. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९२ पासून असे 'अडखळण्याचे दगड' बसवण्यास आरंभ केला. आता युरोपभर त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली आहे. बाई दर नोव्हेंबरात गुडघे टेकून ती पाटी घासून लख्ख करतात. त्या स्त्रीशी त्यांचे काहीच नाते नाही. "माझ्याच जिन्याने ती उतरली असेल," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस पायी बेर्नाउअर रस्त्यावर नेले. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीच्या सरकारने पश्चिम बर्लिनभोवती कुंपण घातले, पुढे त्याची भिंत झाली. एकूण लांबी सुमारे १५५ किलोमीटर. या रस्त्यावर तर विलक्षण प्रकार होता. एका बाजूची घरे पूर्वेची, पण त्यांच्या दारापुढचा पदपथ पश्चिमेचा. दारे विटांनी बुजवली तेव्हा लोक खिडक्यांतून उड्या टाकू लागले. २२ ऑगस्टला ईडा झीकमान नावाच्या परिचारिकेने तिसऱ्या मजल्यावरून आधी गाद्या टाकल्या आणि मग स्वतः उडी घेतली. ती वाचली नाही. भिंतीपायी मरण पावलेल्यांची नोंदलेली संख्या किमान १४० आहे. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अडकलेले चर्च १९८५ साली सुरुंग लावून पाडण्यात आले. भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी पडली, आणि त्या चर्चच्या जागी २००० साली मातीचे, चोपून बांधलेले छोटे प्रार्थनामंदिर उभे राहिले. त्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचे तुकडे मिसळलेले दिसतात. शेजारी, जेथे पूर्वी पहारेकरी फिरत, तेथे आता राय पेरतात. आम्ही गेलो तेव्हा ओंब्या हिरव्या होत्या.

बाईंची आजी याच रस्त्याच्या पलीकडच्या घरात राहत असे. बाई तेव्हा आठ वर्षांच्या. पूर्वी जेवणाच्या वेळी त्या खिडकीतून हाक मारीत आणि आजी रस्ता ओलांडून येई. त्या ऑगस्टनंतर आई त्यांना स्टुलावर उभी करी, म्हणजे आजीला हात दिसावा. शरद ऋतूत ती घरे रिकामी करवली गेली आणि तो हातही दिसेनासा झाला. पुढे १९६३ च्या नाताळात पश्चिमेकडील रहिवाशांना परवाना काढून पूर्वेतील नातलगांना भेटता आले. सव्वादोन वर्षांनी आजीने नातीला पाहिले ते तिची उंची भिंतीवर मोजण्यासाठी. १९६४ च्या अखेरीपासून पूर्वेकडील वृद्ध निवृत्तांना वर्षातून एकदा पश्चिमेस नातलगांकडे येण्याची मुभा मिळाली.

"मग आजी आमच्याकडे पाहुणी म्हणून येऊ लागली," बाई म्हणाल्या. "ती कधीच पिशवी पूर्ण रिकामी करीत नसे. आई म्हणे, कपाटात ठेव. ती म्हणे, कशाला, जायचेच आहे."

आम्ही पुढे काही विचारले नाही. सरकारे माणसांना कैद करतात, हद्दपार करतात, हे आपण इतिहासात शिकवतो. पण रस्त्यापलीकडच्या आजीला पाहुणी करून टाकणे, ही शिक्षा आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती.

दुसरे घर क्रॉइत्सबर्ग भागात, तुर्की वंशाच्या कुटुंबाचे. यामागेही भिंतच आहे. पूर्वेकडून येणारे कामगार बंद झाले, कारखान्यांना हात हवे होते. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. आलेल्यांना नाव पडले 'गास्टआरबायटर', म्हणजे पाहुणे कामगार. दोन वर्षे राबावे आणि परत जावे, असा मूळ हिशेब. १९७३ साली भरती थांबली, पण पुष्कळ पाहुणे थांबले ते थांबलेच. आमच्या यजमानांचे वडील त्यांपैकी एक. "पुढच्या वर्षी परत जाऊ," असे म्हणत त्यांनी बारा वर्षे घरात मोठे कपाट घेतले नाही, कपडे सुटकेसमध्येच. कपाट आले ते नात जन्मली तेव्हा.

या घरी मात्र चूल रात्रीही पेटली. वांग्याची भाजी, मसुरीचे सार, भात, दही आणि छोट्या काचेच्या पेल्यांतून अखंड चहा. भाषेची अडचण होती, पण एक गंमत सापडली. यजमान 'किताप' म्हणत, आम्ही किताब. ते 'हेसाप', आम्ही हिशेब. 'सबून' म्हणजे साबण, 'हवा' म्हणजे हवाच. फारसी-अरबीची ही नाणी त्यांच्याकडे पश्चिमेस गेली, आपल्याकडे पूर्वेस आली. सौभाग्यवतींनी कागदावर यादीच सुरू केली. त्या यादीतील एका शब्दापाशी मात्र आम्ही थबकलो. तुर्कीत पाहुण्यास 'मिसाफिर' म्हणतात. आपला मुसाफर तो हाच. जो वाटेवर आहे तोच पाहुणा. मग आठवले की आपला 'पाहुणा'ही संस्कृत 'प्राघूर्णक' यापासून आला, आणि त्याच्या मुळाशी भटकणेच आहे. 'अतिथी' तर तिथी न ठरवता येणारा. आम्ही दोन महिने आधी तिथी ठरवून आलेले, म्हणून त्या पदवीवर आमचा हक्क नव्हता.

यजमानांचा जन्म याच नगरीत झाला, आणि तरीही तरुणपणी त्यांना परदेशी म्हणून नोंद करावी लागे. येथे जन्मलेल्या परकीयांच्या मुलांना काही अटींवर जन्माने नागरिकत्व देणारा कायदा २००० साली आला, आणि मूळ देशाचे नागरिकत्व न सोडता जर्मन होण्याची सर्वसाधारण मोकळीक जून २०२४ मध्ये मिळाली. पाहुणा म्हणून बोलावलेल्याला घरचा म्हणावयास त्रेसष्ट वर्षे लागली.

निघण्याच्या दिवशी आम्ही डालेम या शांत उपनगरात गेलो. तेथे एका इमारतीत १९२७ साली मानववंशशास्त्राची संस्था स्थापन झाली होती, आणि तेथेच आपल्या इरावती कर्वे शिकल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय. युरोपीय आणि इतर वंशांत तिचा काही भेद दिसेल, ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी मोजमापे घेतली आणि तसा भेद आढळत नाही, असे लिहून दिले. हीच संस्था पुढे नाझी अत्याचारांत सामील झाली. १९८८ साली इमारतीवर त्याची पाटी लावण्यात आली. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती पदवी त्या गुरूच्या मताविरुद्ध पंचविशीच्या आसपासची एक मराठी स्त्री खरे ते लिहिते. अन्नाला जागणे हा पाहुण्याचा धर्म खराच. पण यजमानाचे मन राखण्यासाठी मोजपट्टी वाकवणे, हा त्या धर्माचा भाग नव्हे, हे तिथे उभे राहून जसे पटले तसे कोणत्याही सुभाषिताने पटले नसते.

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. आमच्या ग्वाल्हेरच्या ज्या भागात हा लेख लिहीत आहोत, त्याचे नावच लष्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी येथे तळ ठोकला. तंबूंच्या जागी वाडे झाले, वाड्यांत तुळशी लागल्या, आणि छावणीचे शहर झाले. तेव्हा आपण येथे पाहुणे की यजमान? बडोद्याच्या, इंदूरच्या, बेळगावच्या वाचकांनाही हा प्रश्न कोणीतरी कधी विचारला असेल, कधी प्रेमाने, कधी तिरकसपणे. बर्लिनमधून त्याचे एक उत्तर आम्ही घेऊन आलो. आजी लेकीच्या घरीही पाहुणी राहिली, कारण परत जाणे तिच्या हाती नव्हते. तुर्की कामगार परक्या देशात घरचा झाला, तो कपाट घेतल्याच्या दिवशी; कायद्याने फक्त नंतर सही केली. आणि ज्या दिवशी आपण स्वतः दुसऱ्यासाठी पान मांडतो, त्या दिवशी आपल्या यजमानपणाला कोणाच्या सहीची गरज उरत नाही.

आमचे नाव आता त्या यादीत यजमान म्हणून नोंदले आहे. माडीवरची खोली झाडून घेतली, जुन्या खाटेला नवी नवार लावली. मार्गशीर्षात पोलंडचे एक शिक्षक येणार असल्याचे पत्र आहे. दोन रात्री राहतील. सौभाग्यवतींनी कपाटातील एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा करून ठेवला आहे.